कितवा महिना?

मठपती मॅडमनी पुरुषांना विचारायचा एक प्रश्न ठरवून ठेवला होता. तो त्या एसटीत विचारत, बँकेत विचारत, तहसील कचेरीत विचारत. एका लग्नात तर त्यांनी तो खुद्द नवरदेवाच्या मामाला विचारला आणि वराकडची मंडळी रुसता रुसता राहिली. प्रश्न दोनच शब्दांचा होता. कितवा महिना?

मी तो पहिल्यांदा ऐकला लातूरहून मुखेडला जाणाऱ्या गाडीत. आम्ही दोघं लातूरच्या एकाच कॉलेजात होतो. मी मराठी शिकवायचो, मॅडम प्राणिशास्त्र. उन्हाळ्याची सुट्टी नुकतीच लागली होती आणि गाडी गच्च भरली होती. एक अवघडलेली बाई वरच्या दांडीला धरून उभी होती आणि तिच्या समोरच्याच सीटवर एक धट्टाकट्टा टोपीवाला खिडकीबाहेर पाहत बसला होता. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, नुसती नांगरटीची रानं. मॅडम मागून वाट काढत आल्या. हातात झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा. त्यांनी त्या माणसाच्या पोटाकडं काळजीनं पाहिलं.

"कितवा महिना?"

"काय?" टोपीवाला म्हणाला.

"न्हाई, बसून राहिलाव म्हणून विचारलं. हिला आठवा दिसतोय, तरी उभी हाय. म्हणजे तुमचे दिवस भरले असतील."

गाडी हसली. टोपीवाला उठला. मॅडमनी त्या बाईला बसवलं, स्वतः तिच्याशेजारी उभ्या राहिल्या आणि डबा छातीशी धरला. तेवढ्यात कंडक्टर आला.

"बाई, डब्यात काय हाय?"

"मासे."

"जिवंत?"

"मेलेले मुखेडला कशाला नेऊ?"

"मग लगेज पडंल. जिवंत जनावर हाय."

"घ्या की. पण नीट मोजून घ्या. समद्या पोटुशा हाईत, मुखेड येईस्तोवर आकडा वाढंल. मग पुन्हा माझ्यापाशी येऊ नका."

कंडक्टरनं डब्यात डोकावून पाहिलं, तिकिटाच्या मशीनकडं पाहिलं आणि पुढं गेला. एसटीच्या नियमात हे प्रकरण बसत नव्हतं. मॅडमची बरीच प्रकरणं कोणत्याच नियमात बसत नसत.

ते मासे त्या मुखेडला बहिणीच्या विहिरीवर घेऊन निघाल्या होत्या. उन्हाळ्यात लातूरच्या पाण्याची काय दशा होते ते सांगायला नको. आधी पाणी मिळत नाही, आणि मिळालं तर प्रयोगशाळेच्या पत्र्याखाली त्याचा काढा होतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशाला तर गरमीत जास्त लागतो, असं मॅडम सांगत. मग आधी कोण मरतं? पोटुशी. नर मजेत फिरत असतात. "नरांचं बरं असतंय," असं म्हणून त्या माझ्याकडं पाहत, जणू काही मी त्यांच्यातला एक शेपटीवाला होतो.

मॅडम उदगीरच्या. घर लिंगायताचं, अंड्याचं टरफलसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती आणि हातात चहाची गाळणी. गाळणी माशांसाठी. चहा त्या गाळत नसत, चोथ्यासकट पीत, कारण घरातल्या सगळ्या गाळण्या प्रयोगशाळेत जाऊन बसल्या होत्या. लातूरला त्या भाड्यानं राहत. घरमालक गंजगोलाईतले व्यापारी, समाजातलेच. ओट्यावर काचेच्या बरण्यांची ओळ पाहून ते हादरले.

"मॅडम, आपल्यात मासे?"

"खात न्हाई मालक. त्यांचा श्वास मोजते."

मालकांनी थोडा विचार केला आणि त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे प्राणायाम," ते म्हणाले. पुढं ते गल्लीत अभिमानानं सांगत की आमच्या वरच्या बाई मासळ्यांना प्राणायाम शिकवतात. मॅडमनी त्यांची समजूत कधी दुरुस्त केली नाही. भाडेकरूनं मालकाच्या समजुतीत ढवळाढवळ करू नये, असं त्यांचं मत होतं.

मासे होते गप्पी. आपल्याकडं गप्पी सगळ्यांना माहीत. हिवताप खात्याचे लोक येतात आणि डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून हौदात दोन-चार सोडून जातात. सरकारला गप्पी ठाऊक ती तिच्या तोंडामुळं. मॅडमना ठाऊक होती ती पोटामुळं. बाकीचे बहुतेक मासे पाण्यात अंडी टाकतात आणि हात झटकून चालू लागतात. गप्पी तसं करत नाही. ती पिल्लं पोटात वाढवते आणि जिवंत, पोहती बाहेर सोडते. एवढ्याशा, बोटाच्या पेराएवढ्या जिवाला हा कारभार केवढ्याला पडतो, हे मॅडमना काढायचं होतं. विद्यापीठातल्या त्यांच्या मार्गदर्शकांनी सुचवलं होतं की रोहू-कटला घ्या, लोक खातात, अनुदान मिळेल. मॅडम म्हणाल्या, "रोहू अंडी टाकून निघून जाती. तिच्यात बघायचं काय?" अनुदान अर्थातच मिळालं नाही.

त्यांची पद्धत मी दारातून पुष्कळदा पाहिली आहे. एका मापाच्या दोन मासळ्या घ्यायच्या, एक पोटुशी, एक रिकामी. त्यांना वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवून बुचं घट्ट लावायची. तासाभरानं पाण्यात औषधं घालून बघायचं की प्राणवायू किती उरला. पाणी निळं होई, आणि मग मॅडम वरच्या नळीतून एकेक थेंब सोडत, निळं जाऊन पाणी स्वच्छ होईपर्यंत. त्या वेळी कोणी बोललेलं त्यांना चालत नसे. एकदा प्राचार्यांचा शिपाई निरोप घेऊन आला, तर त्यांनी त्याला हातानंच थांबवलं, आणि तो बिचारा निळं पाणी पांढरं होईपर्यंत पंढरीच्या विठोबासारखा कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

पोटुशी मासळी बाटलीत नुसती तरंगत असे. हलत नाही, डुलत नाही. तरी तिच्या बाटलीतला प्राणवायू जास्त संपलेला निघे आणि दिवस भरत आले की आणखी जास्त. पोटातल्या पिल्लांचा श्वासही तीच घेत होती. मॅडम माझ्याकडं वळून म्हणत, "बघितलाव सर? बसलेली दिसती, पण बसलेली न्हाई. बसल्या जागी काम करून राहिली." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की मला ते झोपेतसुद्धा म्हणता येईल.

मला त्या दारात उभं करत त्याला कारण होतं. त्यांना शब्द हवा असे. म्हैस गाभण, बाई गरोदर, मग मासळी काय? मी म्हटलं, मराठीत तसा वेगळा शब्द दिसत नाही. "कसा असंल," त्या म्हणाल्या, "तिची कोणी विचारपूसच केली न्हाई." शेवटी आम्ही पोटुशीवर तडजोड केली.

वर्गात त्यांची जीभ आणखी सैल सुटे. गप्पीची एकदा नराशी गाठ पडली की ते बीज ती आत जपून ठेवते आणि पुढं कितीतरी महिने नराचं तोंड न पाहता बाळंत होत राहते. हे त्या बी.एस्सी.च्या पोरांना अशा तृप्त आवाजात सांगत की मागच्या बाकावरची पोरं बाकावरची नावं वाचू लागत. त्यांचे यजमान उदगीरला बी-बियाण्यांचं दुकान चालवत आणि आठवड्यातून एकदा लातूरला येत. मोठा सोशिक माणूस. आले की बरण्यांचं पाणी बदलायला बसत. "गप्पीचं अन् माझं तेवढं जमतंय," मॅडम त्यांच्यादेखत म्हणत, आणि ते मान खाली घालून हसत.

आता खुर्चीचं सांगतो.

आमच्या कॉलेजात परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षकाला खुर्ची असे. ती गेली इतिहासाच्या सरांमुळं. हे सर दुपारच्या पेपरला खुर्चीत झोपले. इतकंच असतं तर चाललं असतं. पण भरारी पथक आलं, आणि एका हुशार पोरानं आपली चिठ्ठी लपवायला सगळ्यांत सुरक्षित जागा निवडली, ती म्हणजे सरांच्या सदऱ्याचा खिसा. पथकानं चिठ्ठी तिथून काढली तरी सर जागे झाले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून प्राचार्यांनी सगळ्या हॉलमधल्या खुर्च्या उचलल्या. पर्यवेक्षकानं पूर्ण पेपरभर उभं राहावं, असा नियम झाला.

आम्ही कुरकुरलो आणि भिंतीला टेकायला शिकलो. पण संगीताचं तसं नव्हतं. संगीता मॅडमच्याच विभागात तासिका तत्त्वावर होती, म्हणजे घेतले तितक्या तासांचे पैसे आणि दर वर्षी नव्यानं नेमणूक. भोकरकडची मुलगी, कामाला वाघ, बोलायला गाय. मागच्या उन्हाळ्यात परीक्षेच्या हंगामातच तिचं पाचव्या महिन्यात पोट पडलं होतं. ते कशानं, हे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हतं, डॉक्टरनंही सांगितलं नाही. पण त्या दुपारी ती पूर्ण पेपरभर उभी होती आणि आम्हीच तिला रिक्षात घालून पाठवलं, एवढं मात्र आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आम्हाला फार वाईट वाटलं. वाईट वाटण्यापलीकडं आम्ही काही केलं नाही.

या वर्षी तिला पुन्हा दिवस होते, आठवा चालू होता, आणि फळ्यावर लागलेल्या पर्यवेक्षणाच्या पाळ्यांत तिचं नाव रोज होतं. मॅडम ते वाचून तरातरा निघाल्या, तेव्हा संगीतानं त्यांचा पदर धरला.

"मॅडम, तुम्ही काही बोलू नका. सूट मागितली की पुढल्या साली माझे तास जातील. मी राहते उभी."

"मागल्या खेपंला राहिलीस न्हाई का उभी," मॅडम म्हणाल्या. संगीता रडू लागली. मॅडमना रडणाऱ्या माणसापुढं काय करावं ते कळत नसे. त्यांनी तिला स्टुलावर बसवलं, "कुंद्र गं, कुंद्र," असं दोनदा म्हटलं आणि मला हाक मारली. जीव कळवळला की त्यांच्या तोंडी आईचं कानडी येई, आणि आईच्या कानडीत त्या सगळ्यांना कुंद्र, म्हणजे बसाच म्हणत.

"सर, बाटल्या उचला. प्राचार्यांला दाखवू."

ही त्यांची चूक. दुसरं कोणी अर्ज घेऊन गेलं असतं, एखाद्यानं संस्थेच्या अध्यक्षांच्या मेव्हण्याला गाठलं असतं. मॅडम दोन बाटल्या, दोन मासळ्या आणि थेंबांची नळी घेऊन निघाल्या. त्यांचा असा भोळा समज होता की निळं पाणी पांढरं होताना पाहिलं की कोणाचंही मत बदलतं.

जिना चढताना बाटल्या हिंदकळल्या. माझ्या हातात रिकामी होती, त्यांच्या हातात पोटुशी. प्राचार्य तसे रसिक माणूस. त्यांनी टेबलावरचे कागद बाजूला केले आणि चष्मा लावला. मॅडम "बसलेली दिसती, पण" एवढं म्हणतात न म्हणतात तोच बाटलीत काहीतरी सुळकन हललं. डोळेच डोळे असलेलं एक पिल्लू. मग दुसरं. धक्क्यानं ती बाळंत होऊ लागली होती.

"अरे वा," प्राचार्य हरखून म्हणाले. "बाळंत झाली की. पेढे मागवा."

तेवढ्यात मासळी वळली आणि तिनं पहिलं पिल्लू खाल्लं.

तिनं तोंड मिटलं, उघडलं आणि दुसऱ्याच्या मागं लागली. मॅडमनी झटकन बूच काढून कमरेला खोचलेली गाळणी आत घातली आणि उरलेली दोन-तीन पिल्लं माझ्या बाटलीत सोडली. ती रिकामी मासळीही त्यांच्याकडं भुकेल्या नजरेनं पाहू लागली, तेव्हा त्यांना प्राचार्यांच्या पाण्याच्या पेल्यात हलवावं लागलं.

"मॅडम," प्राचार्य पेल्याकडं पाहत म्हणाले, "तुमची मासळी स्वतःची लेकरं खाऊन राहिली, अन् तुम्ही मला माया शिकवताव?"

"माया न्हाई सर, भूक. पिल्लांनी पोटात जागा धरली की तिला खायला जागा राहत न्हाई. मला तिची माया मोजायची न्हाई. तिला हे किती पडतंय ते मोजायचंय."

"आमच्या आईनं खुरपता खुरपता आम्हाला जन्म दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा रानात. तिला कोणी खुर्ची दिली न्हाई."

"झाली किती तुमच्या आईला?"

"झाली बरीच."

"राहिली किती?"

प्राचार्यांनी चष्मा काढला. "राहिलो आम्ही दोघं भाऊ," ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बसला होता, आणि मला वाटलं, झालं, मिळाली खुर्ची. पण माणूस प्राचार्य उगीच होत नाही. त्यांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. "एकीला दिली की समद्यांला द्यावी लागंल. नियम मी केला, मीच मोडू का? अन् हा पेला घेऊन जा."

मॅडम पेला उचलून परत आल्या. प्रयोगशाळेत त्यांनी पिल्लांना वेगळी बरणी दिली आणि त्या मासळीला खायला घातलं, तिनं लेकरं खाल्ली होती तरी. ती अधाशासारखी खात होती. मॅडम पाहत राहिल्या. त्या इतक्या हरलेल्या मला कधी दिसल्या नव्हत्या. "दोन्ही पोरांच्या वेळी मी उभी राहिले सर," त्या म्हणाल्या. "मी राहिले म्हणून तर ह्यांला वाटतंय, उभं राहता येतं."

पहिल्या पेपरला माझी आणि संगीताची पाळी एकाच हॉलला होती. घंटा झाली, प्रश्नपत्रिका वाटल्या, आणि दारातून मठपती मॅडम आल्या. त्यांची त्या दिवशी पाळी नव्हती. डोक्यावर प्रयोगशाळेतली खुर्ची उलटी घेतलेली, खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात 'प्राणिशास्त्र'. त्यांनी ती फळ्यासमोर मांडली, फडक्यानं पुसली, संगीताला दंडाला धरून बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. पोरांनी वर पाहिलं. "पेपरात बघा," मॅडम म्हणाल्या. "खुर्चीवर प्रश्न न्हाई."

पेपर अर्धा झाला आणि भरारी पथक आलं. पुढं एक तरतरीत साहेब, मागं एक वयस्कर बाई. संगीता पांढरीफटक पडली आणि उठू लागली. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली दाबलं.

"खुर्ची कोणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी."

"तुमच्याकडं पर्यवेक्षकानं बसायचं न्हाई, माहीत हाय ना?"

"हाव. म्हणून तर मी उभी हाय."

"अन् ह्या?"

"ह्यांची पाळी मी करून राहिले. ह्यांचं दुसरं काम चालू हाय."

"कोणतं काम?"

मागची वयस्कर बाई पुढं आली, संगीताकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "कितवा?"

"आठवा सरला. नववा लागला," संगीता म्हणाली.

इतकी वर्षं तो प्रश्न मी भलत्याच माणसांना विचारलेला ऐकत आलो होतो. योग्य माणसाला विचारलेला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. बाईनं साहेबांकडं वळून म्हटलं, "चला सर, पुढल्या हॉलला." साहेब गेले.

मॅडमना प्राचार्यांकडून मेमो मिळाला. त्यावर त्यांनी माशांचं खाद्य वाळत घातलं. त्या हंगामात संगीताची पाळी असली की खुर्ची डोक्यावर घेऊन मॅडम हजर. संगीता बसे, मॅडम उभ्या. त्यांचे गुडघे आधीच दुखरे होते, पेपर संपेपर्यंत ते सुजून येत. मी एकदा म्हटलं, आज मी उभा राहतो, तुम्ही जा. "तुम्ही तुमच्या पाळीचे उभेच हाव," त्या म्हणाल्या, "तिच्या पाळीचं कोण उभं हाय ते पथकाला दिसायला पाहिजे." संगीताला मुलगी झाली, धडधाकट, काळीसावळी, मोठ्या आवाजाची. पुढल्या वर्षी तिचे तास गेले ते गेलेच. ती एका खासगी क्लासमध्ये शिकवू लागली. मॅडम निवृत्त झाल्या, आणि त्यांच्या बरण्या कोणीतरी तळघरात नेऊन ठेवल्या.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या.

निवृत्तीनंतर मी नांदेडला मुलाकडं आलो. सुनेला दिवस होते, तिला तपासायला सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो होतो. सून आत गेली आणि मी तिची फाईल मांडीवर घेऊन बाहेरच्या ओळीत बसलो. सगळ्या खुर्च्यांवर आम्ही पुरुष होतो, नवरे, सासरे, भाऊ, एखादा नुसता सोबत आलेला. बायका भिंतीच्या कडेनं रांगेत उभ्या होत्या, थेट देगलूरपासून आलेल्या, कमरेवर हात, पायांवरचा भार बदलत. कोणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. मलाही दिसलं नव्हतं, हे सांगायला हवं.

ओळीच्या टोकाशी काठीचा आवाज आला. मठपती मॅडम. पाठ वाकलेली, गुडघ्याला पट्टा, विभूती तशीच. धाकट्या मुलाकडं आल्या असाव्यात. तपासून घ्यायला आल्या होत्या की नुसत्याच, देव जाणे. त्या पहिल्या खुर्चीसमोर थांबल्या, तिथल्या तरुणाच्या पोटाकडं काळजीनं पाहिलं आणि विचारलं. मला शब्द ऐकू आले नाहीत, पण तो उठला. मॅडमनी रांगेतल्या एकीला हाताला धरून आणलं. "कुंद्र गं."

मग दुसरी खुर्ची. मग तिसरी. त्या माझ्यापर्यंत पोचायच्या आतच मी उठलो होतो.

"सर, तुम्ही?" त्यांनी मला ओळखलं. "कोणासंगं आलाव?"

"सुनेसोबत. ती आत आहे."

"बरं. मग ती येईस्तोवर उभेच राहा."

"मॅडम, तुम्ही तरी टेका थोडं. गुडघे बघा तुमचे."

"मला कितवा हाय?" त्या म्हणाल्या आणि माझ्या खुर्चीत एका लहानखुऱ्या पोरीला बसवून पुढं निघाल्या.

पुढच्या ओळीतल्या पुरुषांनी हे सगळं पाहिलं होतं. मॅडम काठी टेकत वळल्या आणि त्यांना कोणाला काही विचारावं लागलं नाही. आधी एक उठला, मग त्याच्या शेजारचा, आणि बघता बघता ती अख्खी ओळ उठून उभी राहिली, बाई वर्गात आल्यावर पोरं उठतात तशी. मॅडम क्षणभर थांबल्या. सगळी नोकरी त्यांनी अशा उठलेल्या वर्गाला हातानं खूण करून खाली बसवण्यात घालवली होती. तो हात सवयीनं वर आलाही. मग त्यांनी तो तसाच खाली घेतला, भिंतीकडं वळल्या आणि बायकांना म्हणाल्या, "या गं. बसा."